अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रासाठी आरशाचा सूक्ष्मदर्शक

अकरावीला प्रवेश झाला की अंबाजोगाई परिसरातील पालक विचारू लागतात, की जीवशास्त्रासाठी घरी सूक्ष्मदर्शक घ्यावा का. लातूरच्या शिकवणीचे आणि खोलीचे पैसे भरून झाल्यावर पाच हजारांच्या आसपासचा हा खर्च नको वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय नीटच्या ७२० गुणांपैकी जीवशास्त्राचे ३६० गुण बहुपर्यायी प्रश्नांवरच मिळतात आणि बोर्डाच्या परीक्षेत प्रात्यक्षिकाला १०० पैकी ३० गुण असले तरी ते जर्नलच्या भरवशावर मिळून जातात, अशी सर्वांची समजूत आहे. गेल्या जूनपासून अंबाला येथे बनलेला एक साधा, विद्यार्थ्यांसाठीचा सूक्ष्मदर्शक मी माझ्या विद्यार्थ्यांना वापरायला देत आहे आणि तो जरूर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याला १० पटीची नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) आणि १० व ४० पटींची दोन वस्तुभिंगे (स्लाइडजवळची भिंगे) आहेत, म्हणजे वस्तू १०० किंवा ४०० पट मोठी दिसते. या अभ्यासक्रमाला तेवढे पुरते. तेल लावून वापरायच्या १०० पटीच्या भिंगासाठी दुकानदार आग्रह धरतात, त्यावर पैसे घालवू नयेत. प्रकाशासाठी खाली आरसा आहे आणि भारनियमनाच्या आपल्या भागात दिव्याच्या मॉडेलपेक्षा तोच सोयीचा पडतो, मात्र आरसा थेट सूर्याकडे कधीही वळवू नये, कारण त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. खिडकीतून दिसणारे मोकळे आकाश पुरेसे असते.

या उपकरणाची खरी किंमत कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड पाहताना कळते. सकाळी कापलेली टोके एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात दिवसभर ठेवून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करून, ॲसिटोकार्माइनने रंगवून कव्हरस्लिपखाली हलकेच दाबली, की पेशींचा एकेरी थर पसरतो. पुस्तकातील आकृतीत पेशीविभाजनाच्या चारही अवस्थांना सारखीच जागा मिळालेली असते, म्हणून मुले त्या सारख्याच वेळ चालतात असे धरून चालतात. प्रत्यक्षात भिंगाखाली बहुसंख्य पेशी इंटरफेजमध्ये, म्हणजे विभाजन सुरू होण्याआधीच्या स्थितीत दिसतात, काही प्रोफेज या विभाजनाच्या पहिल्या अवस्थेत, आणि गुणसूत्रे दोन टोकांकडे सरकण्याच्या ॲनाफेजची एखादी पेशी सापडायला स्लाइड बराच वेळ सरकवावी लागते. कोणती अवस्था दीर्घ आणि कोणती क्षणिक, हे एकदा असे दिसले की वेगळे पाठ करावे लागत नाही. कांद्याची १६ गुणसूत्रे सुटी मोजता येतील, अशी अपेक्षा मात्र या भिंगाकडून ठेवू नये.

आपल्याकडे पोळ्याच्या सुमारास सोयाबीनच्या मुळांवर भरपूर गाठी असतात. ताजी गाठ ब्लेडने कापली की आत गुलाबी-लाल रंग साध्या डोळ्यांनीही दिसतो. तो लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा, आणि तीच गाठ नायट्रोजन स्थिर करत असल्याची खूण. पातळ काप सॅफ्रॅनिनने रंगवला तर रायझोबियम गटातील जीवाणूंनी गच्च भरलेल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या पेशी वेगळ्या ओळखू येतात. ज्यांच्या घरी सोयाबीन पेरले जाते, त्या मुलांनी तरी हे पाहिल्यावाचून बारावी करू नये.

दोष आहेत. ४० पटीच्या भिंगाला स्प्रिंग नाही. जाड स्क्रूने फोकस करताना ते स्लाइडवर आदळते आणि आमच्याकडे त्यावर ओरखडा उमटलाच. म्हणून आधी १० पटीवर फोकस करून पुढे फक्त बारीक स्क्रू फिरवावा. स्लाइड धरणाऱ्या क्लिपा सैल आहेत, आणि सोबत आलेल्या तयार स्लाइड्सचा रंग उडालेला निघाला, तेव्हा तो संच वगळून किंमत कमी करून घ्यावी. उन्हाळ्यातील धुळीत उपकरणावर कापड हवे, तर पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढू नये म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. एकट्याला खर्च झेपत नसेल तर तीन-चार मुलांत मिळून एक घेतला तरी चालतो.