स्मार्ट वजनकाटा: वजनावर विश्वास, बाकी आकडे जपून

जळगाव-धुळ्याच्या दुकानांत हल्ली काचेचा ब्लूटूथ वजनकाटा सहज मिळतो. वजन तो चांगलं दाखवतो, पण चारही पाय कडक, सपाट फरशीवर टेकले तरच. खडबडीत शहाबादीवर काटा डुगडुगतो, भार चारही सेन्सरवर सारखा पडत नाही आणि आकडा दर वेळी बदलतो. लागोपाठ तीनदा उभं राहा. २०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर जागा बदला.

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. काट्याच्या मोबाइल ॲपमध्ये उंची आपणच भरायची असते आणि घोळ तिथेच होतो. ५८ किलोच्या बाईची उंची १५२ सेंमी असेल तर बीएमआय २५.१, अंदाजाने १५५ टाकली की २४.१! अनवाणी, भिंतीला टाच टेकवून मोजा.

दुसरी खोट ॲपची. बऱ्याच ॲपमध्ये २४.९ पर्यंत हिरवा रंग असतो. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. म्हणजे १५२ सेंमी उंचीला योग्य वजन साधारण ४३ ते ५३ किलो. गरोदरपणात हा हिशेब लागू नाही.

चरबीची टक्केवारी तर सोडूनच द्या. तळपायातून सौम्य वीज सोडून काढलेला तो अंदाज. मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं की चरबी उगाच वाढलेली दिसते. पेसमेकर असलेल्यांनी हा काटा वापरूच नये.

त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत हवी. पाळीच्या आसपास, किंवा रात्री शेवभाजी झाल्यावर, वजन किलोभर वर गेलं तर ते बहुधा पाणीच.