वेबलेट स्वतःच्या सर्व्हरवर: मराठी-कन्नड ॲपसाठी कसं आहे?

सांगली जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी ॲप करायचं तर एकट्या मराठीवर भागत नाही, जतच्या सीमेकडच्या गावांत कन्नड लागतेच. ही भाषांतरं एक्सेलच्या फायलींतून फिरवणाऱ्यांनी वेबलेट जरूर बसवावं. ॲपमधल्या मजकुराचं भाषांतर ब्राउझरमध्ये करायचं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, गिटशी (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीशी) थेट जोडलेलं आहे.

लिनक्सवर डॉकर कम्पोजने (अनेक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत, एकत्र सुरू करणाऱ्या साधनाने) बसवणं सगळ्यात सोपं. वेबलेट, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि कॅश (तात्पुरता साठा) असे तीन कंटेनर उठतात. दोन कोअर आणि ३ जीबी रॅम हवीच. २ जीबीच्या स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) सेलरी, म्हणजे पार्श्वभूमीतली कामं करणारा भाग, मेमरी खातो आणि लिनक्सचा कर्नल प्रोसेस मारून टाकतो. तेवढीच रॅम असेल तर सेलरी एकाच प्रोसेसमध्ये चालवायची सेटिंग आहे, पण वेग मंदावतो. ॲडमिनचा पासवर्ड आधी दिला नाही तर पहिल्यांदा सुरू होताना तो आपोआप तयार होतो आणि लॉगमध्ये दिसतो.

खरी अडचण येते ती पुढे एन्जिनएक्स हा प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या वेबलेटकडे पोचवणारा वेब सर्व्हर) लावल्यावर. लॉगिन करताना सीएसआरएफची (बनावट विनंत्या अडवणाऱ्या तपासणीची) चूक आली, तर प्रॉक्सीकडून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (मूळ विनंती एचटीटीपीएसवरून आली का, हे सांगणारी नोंद) जातोय का आणि वेबलेटला तो मानायला सांगितलंय का, हे तपासा. साइट डोमेन आणि एचटीटीपीएसच्या सेटिंग्जही बरोबर हव्यात, नाहीतर ईमेलमधल्या लिंक चुकीच्या जातात.

एवढी खटपट कशासाठी, तर शब्दसंग्रहासाठी. इंग्रजीत नुसतं ‘प्रूनिंग’, पण बागेत एप्रिलची खरड छाटणी वेगळी आणि ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी. नुसतं ‘छाटणी’ लिहिलं तर सल्ला कुठल्या छाटणीचा, हे कळणार कसं? दोन्ही शब्द खुलाशासह नोंदवले की भाषांतर करताना शेजारीच दिसतात. वाक्यातला चल (ज्या जागी ॲप नंतर आकडा किंवा नाव भरतं ती खूण) गळला तर तेही वेबलेट दाखवतं. फवारणीच्या सूचनेतून औषधाचं प्रमाणच गायब होणं परवडणारं नाही, म्हणून ही तपासणी बंद करू नका.

भाषांतर जतन केलं की लगेच गिटमध्ये कमिट होत नाही (नोंदवलं जात नाही), मूळ सेटिंगनुसार २४ तासांपर्यंत थांबतं. रिलीजच्या दिवशी कमिट आणि पुश (बदल मूळ रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात पाठवणं) हाताने करावं. त्याआधी वेबलेटची एसएसएच की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) रिपॉझिटरीत लिहिण्याच्या परवानगीसह जोडलेली हवी.

बॅकअप बोर्ग या बॅकअपच्या साधनाने रोज घेता येतो, तो दुसऱ्या मशीनवर ठेवा. तो कूटबद्ध असतो, त्यामुळे त्याचा पासफ्रेज सर्व्हरबाहेर लिहून ठेवा. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलताना आधी डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची फाइल) घ्या, जुन्या डेटावर नवा कंटेनर उठत नाही.