बेळगाव स्टेशन झकास झालंय, आता पुण्याच्या गाड्या वाढवा

ज्यांनी बेळगावचं जुनं स्टेशन बघितलंय त्यांनी एकदा येऊन आत्ताचं बघाच. २७ फेब्रुवारी २०२३ ला नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, १९० कोटींच्या आसपास खर्च, आणि आत पाय टाकला की पैसे कुठं लागले ते दिसतंय. मोठा हॉल, लिफ्ट, सरकते जिने, म्हाताऱ्या माणसांना सामान घेऊन पूल चढायचा त्रास गेला, माझ्या आईसाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर गावातच असल्यामुळं प्लॅटफॉर्मवर कायम जवान दिसतात, काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव-नंबर, आणि सुट्टीवर निघाला असेल तर हातात कुंद्याचा, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचा, बॉक्स हमखास. बघून बरं वाटतं.

लोंढा-बेळगाव-घटप्रभा डबल लाईनही त्याच दिवशी सुरू झाली. पूर्वी एकच रूळ, समोरनं गाडी येतेय म्हणून देसूर नाहीतर सुळेभावीला बसून राहायचं, तो प्रकार बराच कमी झालाय.

आता गाड्या. बेंगळूरला जायचं तर चैनच, रात्रीची सुपरफास्ट आहे, राणी चन्नम्मा आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहूनच सुटणारी वंदे भारत, बुधवार सोडून रोज. पण आमच्या हितल्या मराठी घरांतली निम्मी पोरं शिकायला आणि नोकरीला पुण्यात, आणि पुण्याची वंदे भारत आठवड्यातनं तीनच दिवस! ती हुबळीहून पहाटे निघते, सातच्या सुमारास बेळगाव आणि दुपारी दीडपर्यंत पुणे, इतकी सोयीची वेळ असून रोज का नाही सोडत हे मला खरंच कळत नाही. बाकी दिवशी गोवा एक्सप्रेस नाहीतर दादरच्या गाड्या, त्या पुण्यात उतरवतात रात्री-पहाटे आडवेळी. गणपती-दिवाळीला तिकीट मिळत नाही, मग लोक ट्रॅव्हल्सला वाटेल तेवढे पैसे मोजतात. पुण्याची रोजची दिवसाची गाडी ही पहिली गरज आहे.

हरिप्रिया एक्सप्रेसचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं, एकीकडं तिरुपतीचा बालाजी दुसरीकडं कोल्हापूरची अंबाबाई, आणि मिरजेला गाडी बदलायची भानगड नाही.

दूधसागर बघायला म्हणून गोवा एक्सप्रेसनं बेळगावहून जाऊ नका, जाताना ती घाटात रात्री असते, काही दिसत नाही. येताना धरा, वास्कोहून दुपारी सुटते, पावसाळ्यात घाट उजेडात मिळतो. तिथं रुळावर उतरायचं मात्र नाही, बंदी आहे आणि जीवाला धोकाही.

अजून एक, धारवाडला रेल्वेनं जायचं म्हणजे खानापूर-लोंढ्याचा वळसा, त्यापेक्षा बस बरी. कित्तूरवरनं सरळ ७३ किलोमीटरची लाईन मंजूर होऊन वर्षं झाली, काम रखडलंय. ती व्हायलाच पाहिजे, पण गर्लगुंजी-नंदिहळ्ळीकडचे शेतकरी पिकाऊ जमीन जाणार म्हणून विरोध करतायत तेही खोटं नाही, त्यांच्याशी बसून, जमेल तिथं पडीक जमिनीवरनं मार्ग काढा आणि काम चालू करा.

स्टेशनला पाचपैकी साडेचार, पुण्याच्या गाड्यांना दोन.