जेम पोर्टलवर चौदा महिने : तपकीर गल्लीतला अनुभव

गेल्या वर्षी गल्लीतल्या दोघा-तिघांनी विचारलं होतं, "जेमवर नाव घातलंस म्हणे, पैसे येतात का रे?" (जेम म्हणजे गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस, सरकारी ऑफिसं जिथून ऑनलाइन माल घेतात ते पोर्टल.) तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. आता चौदा महिने आणि एकतीस ऑर्डरी झाल्यात, म्हणून सविस्तर लिहितोय. आमचं पुण्यात तपकीर गल्लीत पंखे, एक्झॉस्ट, एलईडी ट्यूब, एमसीबी, वायर असं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मी माल बनवत नाही, विकतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं बरंचसं रामायण त्यावरूनच आहे.

नाना, म्हणजे माझे वडील, सरकारी ऑफिसांना माल द्यायचे तेव्हा तीन कोटेशनं लागायची. त्यातली दोन शेजारच्या दुकानांच्या लेटरहेडवर असायची, हे आता सांगायला हरकत नाही. केंद्र सरकारची मोठी खरेदी दिल्लीच्या डीजीएस अँड डी खात्याच्या रेट कॉन्ट्रॅक्टवर चालायची. कंपनीशी दर ठरलेला, ऑफिसांनी त्या दराने मागवायचं, आमच्यासारख्याला तिथे कोण विचारतो? ऑगस्ट २०१६ मध्ये जेम सुरू झालं आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला ते जुनं खातं बंद झालं. २०१७ च्या वित्तीय नियमांतल्या १४९ क्रमांकाच्या नियमाने केंद्राच्या ऑफिसांना जेमवर मिळणारी वस्तू जेमवरूनच घेणं सक्तीचं केलं. पुण्यात याचा अर्थ मोठा आहे. लष्कर, खडकी, देहूरोड, पाषाण, जिकडे बघाल तिकडे केंद्राचं काहीतरी आहेच. नानांच्या ओळखीच्या दोन ऑफिसांनी सरळ सांगितलं, "शेठ, जेमवर या, नाहीतर तुमच्याकडून घेता येणार नाही."

नोंदणी सोपी आहे. पॅन, आधार, जीएसटी, रिटर्न, एका दुपारीत काम झालं. पाच हजार अनामत भरली (एक कोटीच्या आतल्या उलाढालीला तेवढीच होती, २०२५ मध्ये ती अटच काढून टाकली). खरी रखडपट्टी कॅटलॉगला झाली. नावाजलेल्या कंपनीचा पंखा मी माझ्या मनाने पोर्टलवर चढवू शकत नाही. कंपनीने पोर्टलवरच मला रीसेलर म्हणून मान्यता द्यावी लागते. पुण्याचा डिस्ट्रिब्युटर म्हणाला मुंबईला विचारा, मुंबई म्हणाली डिस्ट्रिब्युटरमार्फत या. यात सात आठवडे गेले. नवीन माणसाने आधी ही मान्यता मिळवावी, मगच बाकीच्या नादी लागावं.

पहिली ऑर्डर आली गडचिरोलीहून. तीन एक्झॉस्ट फॅन. डिलिव्हरी कुठे देणार या रकान्यात मी उत्साहाने अख्खा महाराष्ट्र टिक केला होता. जेमवरचा दर म्हणजे जीएसटी, वाहतूक, उतराई सगळं धरून, माल त्यांच्या दारात. ट्रान्सपोर्टवाल्याने आकडा सांगितल्यावर मी मुकाट्याने खुर्चीत बसलो. ऑर्डर नाकारली तर रेटिंग पडतं, म्हणून पाठवले. त्या रात्री बसून फक्त पुणे, सातारा, सोलापूर एवढेच जिल्हे ठेवले.

दुसरा फटकाही माझ्याच हाताने. तांबं वाढलं, कंपनीने वायरचा दर वाढवला, दुकानातला बोर्ड मी त्याच दिवशी बदलला आणि पोर्टलवरचा दर बदलायला विसरलो. चार दिवसांनी जुन्या दरात बावीस कॉइलची ऑर्डर पडली. दिली. आता दर सोमवारी दुकान उघडलं की आधी उदबत्ती, मग जेमचे दर.

चाळीस सीलिंग फॅनची गोष्ट मात्र नीट सांगतो. एका केंद्रीय ऑफिसची ऑर्डर, साधारण शहाऐंशी हजारांची. पन्नास हजारांपर्यंत ते कुणाहीकडून थेट घेऊ शकतात (आधी ही मर्यादा पंचवीस हजार होती). त्यापुढे दहा लाखांपर्यंत निदान तीन वेगळ्या कंपन्यांच्या मालाची तुलना करून सगळ्यात स्वस्त, म्हणजे एल-वन, घ्यावा लागतो. तुलनेत आमचा दर खाली निघाला. टेम्पो गेटवर सव्वा तास उभा राहिला. आत स्टोअरकीपरने प्रत्येक खोकं फोडलं, पाती मोजली, एकशे वीस बरोबर भरली. मग दांडीवरचे कप मोजले, ते एकोणऐंशी. ऐंशीवा एका खोक्याच्या पुठ्ठ्यात अडकलेला सापडला, तोवर माझा शर्ट भिजला होता. पण खरं सांगू, मला तो माणूस आवडला. सरकारी मालाची एवढी काळजी घेणारा आम्ही क्वचित बघतो.

"शेठ, माल चोख आहे," तो म्हणाला, "पण माल स्वीकारल्याची सही आधारच्या ओटीपीने होते, आणि साहेबांच्या आधारला जोडलेला नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद झालाय."

त्या सहीने जे प्रमाणपत्र निघतं त्याला सीआरएसी म्हणतात. ते माल मिळाल्यापासून दहा दिवसांत काढायचं असतं. साहेबांना आधार केंद्रात जाऊन नंबर बदलायला वेळ मिळेपर्यंत सव्विसावा दिवस उजाडला. तिथून बिल गेलं पैसे देणाऱ्या तिसऱ्याच माणसाच्या लॉगिनला, आणि त्याची नुकतीच बदली झाली होती. मागणारा एक, माल घेणारा दुसरा, पैसे सोडणारा तिसरा, अशी लॉगिनं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. हेतू चांगला आहे, पण त्यातलं एक अडलं की सगळंच अडतं. पैसे एकाहत्तराव्या दिवशी जमा झाले. तोवर बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यावर व्याज मी भरत होतो.

मी उशीर केला तर दर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल दहा टक्के कापतात. त्यांनी उशीर केला तर? २०२० मध्ये केंद्राच्या व्यय विभागाने ठरवलं की सीआरएसीनंतर दहा दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराने महिन्याला एक टक्का व्याज भरायचं. हे वाचून मी खूश झालो होतो. खाली लिहिलेलं होतं की ते व्याज जेमच्या खात्यात जमा होणार. विक्रेत्याच्या नाही.

लोक म्हणतात, तुझ्याकडे उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना, समाधान पोर्टलवर, म्हणजे लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी पोर्टलवर, तक्रार टाक. मी माल बनवत नाही, विकतो, हा मुद्दा इथेच येतो. माल बनवणाऱ्या लघुउद्योगाला कायद्याने पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. खरेदीतही पंचवीस टक्के वाटा त्यांच्यासाठी राखलेला आहे, आणि त्यांचा दर एल-वनपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत वर असला तरी एल-वनच्या दरात द्यायची संधी त्यांना मिळते. आम्हा व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. बाकी दोन्ही फायदे नाहीत. माझ्या भिंतीवर ते प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय, चांगलं दिसतं.

बिडच्या, म्हणजे जेमवरच्या निविदांच्या, वाटेला जाऊ नका, निदान आमच्या आकाराच्या दुकानदाराने. मी दोन भरल्या. पहिलीत खरेदीदाराने स्वतःच्या जादा अटी घातल्या होत्या, त्यातल्या उलाढालीच्या अटीत बाद झालो. दुसरी रिव्हर्स ऑक्शनला गेली, म्हणजे दर खाली खाली नेत जायचा उलटा लिलाव. त्या बिडचा नियम असा की सगळ्यात महाग दराचा बिडर लिलाव सुरू व्हायच्या आधीच बाहेर. तो मीच होतो. रात्री चहा घेऊन, दर कुठवर खाली न्यायचा याचा कागद करून बसलो होतो, आणि आत शिरायलाच मिळालं नाही.

एवढं रडगाणं गाऊनही मी जेम सोडलेलं नाही. एकतीसपैकी एकोणीस ऑर्डरी अशा ऑफिसांच्या आहेत ज्यांची नावंही मी ऐकली नव्हती. कुणाला भेटलो नाही, दिवाळीला मिठाई नेली नाही, एकाही ठिकाणी चहापाण्याची भाषा झाली नाही. नानांना हे अजून पटत नाही, ते दर वेळी विचारतात, "पण तिथं ओळख कुणाची होती?" दहा लाखांच्या आतल्या ऑर्डरीला पोर्टलची फीही ऑगस्ट २०२४ पासून नाही, त्यामुळे आजवर एक पैसाही कापला गेलेला नाही. पन्नास हजारांच्या आतल्या ऑर्डरींचे पैसे बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांत आले. छोटं बिल कुणाच्या टेबलावर फार रेंगाळत नाही.

त्यामुळे माझा हिशोब आता साधा आहे. थेट खरेदीच्या ऑर्डरी घ्यायच्या, जवळचे तीन जिल्हे, दर सोमवारी दर तपासायचे, आणि धंद्याच्या एकूण उधारीतली चौथाईहून जास्त सरकारकडे अडकू द्यायची नाही. फेब्रुवारी-मार्चसाठी गोडाऊनमध्ये थोडी जादा जागा ठेवायची, कारण मार्च एंडला उरलेला निधी संपवायला सगळे एकदमच जागे होतात. गेल्या मार्चमध्ये एका आठवड्यात सहा ऑर्डरी पडल्या, चार तर एकोणपन्नास हजार नऊशेच्या आसपासच्या.

आणि हो, डिलिव्हरीच्या आधी एक फोन करायचा, माल घेणाऱ्या साहेबांना. "आधारचा नंबर चालू आहे ना?" एवढंच विचारायचं. पहिल्यांदा विचारताना अवघड वाटतं, मग सवय होते.