काश्मीरची सहल, प्रीपेड सिम आणि न पोचलेले बँकेचे मेसेज

काश्मीर किंवा लडाखला निघाला असाल आणि बँकेत नोंदवलेला तुमचा मोबाइल नंबर प्रीपेड असेल, तर बॅगा भरण्याआधी क्रेडिट कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद करून टाका. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, हे जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. पण ते बंद पडलं की बँकेचे मेसेजही आपल्यापर्यंत येत नाहीत, याचा विचार सहसा कोणी करत नाही. आमच्या बाबतीत चोरांना तेवढी फट पुरली.

आम्ही नाशिकचे, इंदिरानगरला राहतो. श्रीनगरला पोचल्यावर तिथलं स्थानिक सिम घेतलं. सासूबाईंशी रोजचं बोलणं, फोटो पाठवणं, सगळं त्यावर व्यवस्थित चालू होतं. बँकेचं ॲप तेवढं उघडत नव्हतं, कारण त्याला नोंदणीकृत सिमच लागतं. येताना झेलम एक्सप्रेसने पठाणकोट गाठलं, जुन्या नंबरला रेंज आली आणि मेसेज धडाधड यायला लागले. पहिला व्यवहार अगदी किरकोळ रकमेचा होता. कार्ड चालू आहे का, हे चाचपून बघायला चोर आधी असंच करतात. त्यामागोमाग कुठल्याशा परदेशी संकेतस्थळावर डॉलरमध्ये मोठ्या खरेद्या, एकूण एक लाखाच्या वर. कार्ड माझ्या पर्समध्येच होतं, आणि ओटीपी एकाही व्यवहाराला आलेला नव्हता.

ओटीपी का नाही, हे नीट समजून घ्या. भारतातल्या ऑनलाइन खरेदीला तो लागतो, परदेशी संकेतस्थळाने तो मागितलाच पाहिजे असं बंधन नाही. कार्ड नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जाऊ शकतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये बँकांना सांगितलं की परदेशी, ऑनलाइन आणि काँटॅक्टलेस व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करण्याची सोय ग्राहकाला द्या. ॲपमध्ये ही बटणं असतात. आमचं परदेशी व्यवहाराचं बटण मुलाच्या जर्मनीतल्या प्रवेशाची फी भरली तेव्हापासून चालू होतं.

कार्डाच्या मागच्या नंबरवर गाडीतूनच फोन लावला. रेंज सारखी जात होती, पण कार्ड ब्लॉक झालं आणि तक्रार क्रमांक मिळाला. तो क्रमांक, तारीख आणि वेळ लगेच लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर चालतं.

मनमाडला उतरून मोटारीने घरी येत होतो. चांदवड मागे पडलं असेल, तेवढ्यात फोन आला. ‘मॅडम, बँकेच्या कार्ड विभागातून बोलतोय. तुमचे ते व्यवहार रद्द करायचेत, आता ओटीपी येईल तो सांगा.’ नाव बरोबर, कार्डाचे शेवटचे आकडेही बरोबर. माझा हात क्षणभर थरथरला. हे म्हणाले, ‘आधी फोन ठेव.’ ठेवला, आणि पुन्हा कार्डामागच्या नंबरवर फोन करून विचारलं, तर बँकेतून कोणीही फोन केलेला नव्हता. पैसे गेल्याच्या धक्क्यात माणूस असतो तेव्हाच ही दुसरी टोळी गाठते. पैसे परत मिळवायला ओटीपी लागत नाही. मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात.

घरी आल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिची प्रत डिस्प्युट फॉर्मला (‘हे व्यवहार माझे नाहीत’ असं बँकेला लेखी कळवायचा अर्ज) जोडून शाखेत दिली आणि शिक्क्यासकट पोच घेतली. खरा वाद सुरू झाला तो यानंतर. बँकेचं म्हणणं, ‘मेसेज त्याच दिवशी गेलाय, तुम्ही उशिरा कळवलंत.’

हे उत्तर मिळालं की लोक गप्प बसतात. बसू नका. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला यावर परिपत्रक काढलं होतं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी डल्ला मारलाय, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर एक रुपयाचाही बोजा पडत नाही. चार ते सात दिवस लागले, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त 10,000 रुपये सोसावे लागतात. यातला शब्द आहे ‘मिळाल्यापासून’. बँकेने पाठवल्यापासून नव्हे. सूचना मिळाली तो दिवसही धरायचा नाही. आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे.

म्हणून मी बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांना, म्हणजे शाखेच्या वर तक्रारी बघणाऱ्यांना, लेखी कळवलं. सोबत श्रीनगरच्या सिमची पावती, झेलमचं तिकीट, मेसेज यादीचे स्क्रीनशॉट आणि पठाणकोटहून केलेल्या फोनची नोंद जोडली. सहलीची तिकिटं आणि पावत्या घरी आल्या आल्या फेकू नका, हे मी आता प्रत्येकाला सांगते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

दरम्यान महिन्याचं बिल आलं. शाखेतल्या एकाने सुचवलं, आधी सगळं भरून टाका, नंतर परत मिळेल. मी आमच्या खऱ्या खर्चाचेच पैसे भरले आणि वादातली रक्कम का भरत नाही हे ईमेलने कळवलं. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते, तशी ती झाली. निकाल नव्वद दिवसांत लागायला हवा. तोही मुदतीत लागला आणि जमा कायम झाली. त्या रकमेवरचं व्याज आणि विलंब शुल्क मात्र पुढच्या बिलात तसंच होतं. फसवणुकीची तक्रार मिटेपर्यंत वादातल्या व्यवहारावर आकार लावता येत नाही, हा नियम दाखवून पुन्हा ईमेल केला, आणि त्याच्या पुढच्या बिलातून ते निघालं.