कणकेचं पाणी, आंबेमोहोराचा डबा आणि तापकीर गल्लीतला दुरुस्तीवाला

आधी दुकानाबद्दल सांगते, कारण घाबरलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं. फोनमध्ये पाणी गेलं असेल तर इथे या. मात्र फोन बंद करून या, वाटेत चालू करून बघू नका. तांदळात खुपसून तर मुळीच आणू नका, ओरडा बसतो. मला बसला.

आता सविस्तर.

मी पुण्यात कर्वेनगरला पोळी-भाजीचे डबे देते. सकाळचे 34, संध्याकाळचे वीसेक, बहुतेक कॉलेजची मुलं. आज कोणाला नको, कोणाला 2 पोळ्या जास्त, कोण गावाला गेलंय, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. पैसेही फोनवरच. त्यामुळे फोन ओट्यावर, पोळपाटाला लागून. (तिथे ठेवू नकोस, असं आमचे हे 3 वर्षं सांगत होते. त्यांचं बरोबर होतं. हा परिच्छेद त्यांनी वाचू नये.)

कणीक भिजवायच्या पाण्यात मी मीठ आधीच विरघळवून घेते, म्हणजे सगळीकडे सारखं लागतं. मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी सहाच्या सुमाराला कोपर लागलं आणि ती पातेली फोनवर आडवी झाली. फोन चालूच होता, तेवढ्यात एक मेसेजही आला. म्हटलं, वाचलो. गाऊनला पुसला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. वीस मिनिटांनी स्क्रीनवर एक हिरवी उभी रेघ आली आणि फोन आपला आपणच बंद पडला.

त्यानंतरच्या 2 तासांत जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या मी केल्या. बटण दाबलं, लागला नाही. पुन्हा दाबलं, लागला आणि गेला. बॅटरी उतरली असेल म्हणून चार्जरला लावला. वरच्या मजल्यावरची मुलगी "काकू, ड्रायर आणू का?" म्हणत आलीच, तिने चार्जिंगच्या भोकात 10 मिनिटं गरम हवा मारली. मग ह्यांनी तांदळाचं काढलं. आमच्याकडे तांदळाला काय तोटा! पण रोजचा कोलम नेमका संपत आलेला, म्हणून सणासुदीसाठी ठेवलेल्या 2 किलो आंबेमोहोरात फोन गाडला आणि आंब्याची आढी घालावी तसं वरून झाकण लावून टाकलं.

सिम तेवढं वेळेवर काढलं. सेफ्टी पिनने ट्रे उघडून जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं, म्हणून निदान फोन तरी येत राहिले. व्हॉट्सअ‍ॅप नसल्यामुळे त्या दिवशी 5 डबे जास्त गेले आणि 3 मुलं उपाशी राहिली, तो भाग वेगळा.

बुधवारी सकाळी फोन डब्यातून काढला. वास छान येत होता. चालू काही झाला नाही.

आधी कंपनीच्या अधिकृत सेंटरवर गेले. त्याचं नाव लिहीत नाही, त्यांचे नियमच तसे असणार. काउंटरवरच्या मुलीने सिमच्या खाचेत टॉर्च मारला आणि म्हणाली, "लिक्विड डॅमेज." आत एक बारीकसा पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. माझा डाळिंबासारखा झाला होता. वॉरंटी असती तरी उपयोग नव्हता, पाणी गेलेला फोन त्यात बसत नाही. बोर्डच बदलावा लागेल, 9,800 रुपये, 7 दिवस, आणि आतला डेटा जाईल. फोन मी 16 हजारांना घेतलेला. आत नक्की काय झालंय ते उघडून तरी बघाल का, म्हटलं. आम्ही बोर्ड दुरुस्त करत नाही, बदलतो, म्हणाली.

मग शेजारच्या झेरॉक्सवाल्याने या दुकानाचं सांगितलं. पीएमपीच्या बसने शनिपारला उतरले आणि चालत गेले. गाडी घेऊन येणार असाल तर विचार सोडा, तापकीर गल्लीत माळा, वायरी आणि पंख्यांच्या खोक्यांतून चालायलाच जागा नसते. दुकान पहिल्या मजल्यावर. जिना अंधारा आणि चौथी पायरी तुटलेली. वर हातभर काउंटर, बसायला काही नाही, भिंतीवर पाटी: "पाण्यात पडलेल्या फोनला गॅरंटी नाही." माझा धीर तिथेच निम्मा झाला. पण काउंटरच्या वर एक टीव्ही लावलाय आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो जे काही करतो ते त्यावर दिसतं. फोन आतल्या खोलीत नेत नाही. या दुकानातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

माणूस चाळिशीचा, मान वर न करता बोलणारा.

"कुठलं पाणी?"

"म्हणजे?"

"साधं, चहा, साबणाचं, समुद्राचं? गोव्याला जाऊन आलात का?"

"कणकेचं," मी म्हटलं. "मीठ घातलेलं."

तेव्हा मान वर झाली. "कधी?" काल सकाळी. "चार्जिंगला लावला?" मी गप्प. "म्हणजे लावलाच."

मग चिमटा घेतला आणि चार्जिंगच्या भोकातून तांदळाची एक कणी बाहेर काढून काउंटरवर ठेवली. टीव्हीवर ती पावट्याएवढी दिसत होती. मागे पांढरी पूडही होती.

"कुठला तांदूळ?"

"आंबेमोहोर."

"महाग औषध केलंत."

त्यानंतर मात्र त्याने मला नीट समजावलं, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. पाणी एकटं फारसं काही करत नाही, पाण्यात वीज सोडली की खेळ सुरू होतो. बोर्डवरच्या जोडण्या केसाएवढ्या अंतरावर असतात. मध्ये खारं पाणी आणि दोन्हीकडे वीज, म्हणजे एकीकडचं तांबं विरघळतं आणि दुसरीकडे जाऊन साठतं. मी टीव्हीवर पाहिलं: कनेक्टरच्या दातांवर हिरवट पांढरा थर. हा मला ओळखीचा होता. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, तोच प्रकार. "बरोबर," तो म्हणाला, "फक्त इथे बॅटरी असल्यामुळे रात्रभरात होणारं काम तासाभरात होतं." म्हणजे मी जितक्या वेळा बटण दाबून पाहिलं तितक्या वेळा त्या कळकण्याला जाळ लावला. चार्जर म्हणजे तर मोठा बर्नर.

तांदळाचंही त्याने सांगितलं. आत बोर्डवर पत्र्याच्या छोट्या डब्या बसवलेल्या असतात, पाणी त्यांच्याखाली शिरतं. बाहेर ठेवलेला तांदूळ ते ओढून घेऊ शकत नाही. पंख्याखाली जेवढं सुकेल तेवढंही डबाबंद तांदळात सुकत नाही, वर पूड आत जाते ती वेगळीच. पाणी सुकलं तरी मीठ तिथेच राहतं, हे तर मलाही कळायला हवं होतं. रात्री धुवायची राहिलेली आमटीची पातेली सकाळी कोरडी असते, म्हणून काही ती स्वच्छ नसते. आयफोनवाल्या अ‍ॅपलनेही 2024 मध्ये ग्राहकांना सांगितलं की फोन तांदळात ठेवू नका, बाहेरून गरम हवा देऊ नका, भोकात कापूस किंवा कागद घालू नका. भोक खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि हवेशीर जागी ठेवून द्या. हे मी घरी येऊन मुलीकडून तपासून घेतलं. खरं आहे. ड्रायरने पाणी आणखी आत ढकललं जातं, डिंक सुटतो, आणि तापलेल्या बॅटरीचा भरवसा नसतो.

माझ्या मागे एक कॉलेजचा मुलगा उभा होता, त्याचा भारीतला फोन सिंहगडाच्या पावसात भिजलेला. "पण हा तर आयपी 68 आहे," म्हणत होता. (आयपी म्हणजे फोन पाण्याला किती दाद देत नाही त्याचा आकडा.) त्यालाही धडा मिळाला. आयपी 67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं, 68 म्हणजे त्याहून जास्त, कंपनी सांगेल तेवढं. पण ही चाचणी नव्या फोनवर, साध्या स्वच्छ पाण्यात होते. एकदा पडून कड उचकटलेला किंवा बाहेर उघडून काच बदललेला फोन असेल तर तो आकडा विसरायचा. सील धड असलेला फोन समुद्रात पडला तर बंद करून साध्या पाण्याने खळबळून घ्यायचा म्हणे, मीठ निघून जातं. माझ्यासारख्या बिनसीलच्या फोनला हे करायचं नाही.

दर त्याने आधीच सांगितला. उघडून साफ करायचे 500, फोन लागो न लागो. पुढे काय निघेल ते फोनवर कळवून, हो म्हटलं तरच. लॉकचा पॅटर्न विचारला नाही, "न्यायला याल तेव्हा तुम्हीच उघडा" म्हणाला. हेही आवडलं.

मला कुतूहल, म्हणून तासभर उभी राहिले. आधी मागचं झाकण तापवून सोडवलं आणि पहिल्यांदा बॅटरीची जोडणी काढली. बोर्ड बाहेर काढून डब्या उचकटल्या, 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने घासलं. (मी विचारलं, घरी सॅनिटायझर चालेल का? नाही. त्यात पाणी असतं, ग्लिसरीनही असतं.) मग सराफाकडे मंगळसूत्र धुवायला असतं तसं थरथरणारं मशीन, त्यात काही मिनिटं. सुकवून सप्लायला लावलं तर बटण न दाबताच बोर्ड 85 मिलीअँपिअर खात होता. गिरणी बंद आणि मीटर फिरतोय, अशातली गत. म्हणजे कुठेतरी शॉर्ट. ते शोधायला त्याने बोर्डवर राळेचा धूर दिला, सगळं पांढरं झालं, आणि वीज सोडल्यावर तिळाएवढ्या एका तुकड्यावरची राळ वितळून तेवढाच काळा दिसायला लागला. "हा बघा चोर." इथे मी अक्षरशः टाळी वाजवली.

तीन दिवसांनी फोन मिळाला. सफाई 500, तो तुकडा काढून दुसरा बसवायचे 700, चार्जिंगचा छोटा बोर्ड सडला होता त्याचे 450. एकूण 1,650. फोटो, हिशेब, मुलांचे नंबर, सगळं जागेवर. बॅटरी फुगलेली नव्हती, पण महिनाभर लक्ष ठेवा, मागचं झाकण उचललेलं वाटलं किंवा फोन उगाच तापला तर चार्जिंगला लावू नका, असं बजावलं.

आता तक्रारी. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतो. गॅरंटी शून्य, पाटीवर लिहिलंय तसं. शुक्रवारी देतो म्हणून शनिवारी संध्याकाळी दिला, आणि मी फोन केला तर "झाल्यावर कळवतो ना" म्हणून ठेवून दिला. बोलणं तुसडं आहे. बायाबापड्यांना, म्हाताऱ्यांना तो जिना अवघड आहे, आणि दिवा लावायला कितीसा खर्च येतो? झाकण डिंकाने पुन्हा बसवलंय, पण आता फोनला थेंबही लागू द्यायचा नाही. आणि स्पीकर. तो अजून सर्दी झाल्यासारखा बोलतो. नवा बसवायला 250 सांगितले, पण मुलांचे आवाज मला तसेही ओळखू येतात, म्हणून राहू दिलं.

4 तारे देते. एक जिन्याचा कापला.

आंबेमोहोर 3 वेळा निवडून, धुऊन शिजवला. त्यात फोन होता हे कोणाला सांगितलं नाही. त्या रविवारी 2 मुलांनी मेसेज केला, काकू, भात आज काय मस्त होता.