दोन तारे मागे घेतेय (आणि मूनकेक गरम का खाऊ नये)

मागच्या आठवड्यात मी या बेकरीला पाचापैकी दोन तारे दिले होते आणि वर ‘पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटलं’ असंही लिहून मोकळी झाले होते. ते मागे घेतेय. चूक बेकरीची नव्हती, माझ्या घाईची होती. पण नवखा माणूस इथे हमखास हीच चूक करतो, म्हणून सविस्तर सांगते.

दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौ शहराच्या लीवान भागातल्या एका बोळात ही बेकरी आहे. एरवी पाव-बिस्किटं विकते, चोंगच्यूचा सण जवळ आला की फक्त मूनकेक, म्हणजे त्या सणाला खायचे सारण भरलेले गोल केक. चोंगच्यू म्हणजे आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा. २०२४ मध्ये ती १७ सप्टेंबरला होती. २०२५ मध्ये चिनी पंचांगात सहावा महिना अधिक आला, त्यामुळे थेट ६ ऑक्टोबरला. तीही १ ते ८ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत. ३ तारखेला मी रांगेत उभी होते ती घामाच्या धारांत. नावाला शरद ऋतू, ग्वांगचौला त्याची खबर नव्हती.

रांगेतून आतलं सगळं दिसतं. पिठाची पातळ पारी, तिच्यात कमळबियांच्या सारणाचा गोळा, गोळ्याच्या पोटात खारवलेल्या बदकाच्या अंड्याचे दोन बलक. पारी नावापुरती, वजनाचे साधारण पाचातले चार भाग सारणाचेच. मग गोळा लाकडी साच्यात दाबायचा आणि साचा टेबलावर आपटायचा: एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, शेवटी पुढच्या बाजूने. तिसऱ्या ठोक्याला केक अलगद तळहातावर. हे करणारा माणूस साच्याकडे बघतसुद्धा नव्हता, शेजारच्याशी गप्पा मारत होता.

मी चार केकचा डबा घेतला, १५२ युआन. भट्टीतून नुकतेच निघालेले बघून हट्टाने तेच मागितले. काउंटरवरच्या आयी (इथे मावशीला आयी म्हणतात, त्यामुळे कुणालाही हाक मारताना मला उगाचच भरून येतं) काहीतरी म्हणाल्या, कालचे घे असं सुचवत होत्या. मला वाटलं, शिळा माल खपवतायत. घरी येऊन लगेच एक फोडला. कवच कडक आणि कोरडं, सारण टाळूला चिकटलेलं. तेव्हाच रागारागात ते दोन तारे दिले.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाई पपनस द्यायला आल्या. उघडा डबा बघून हसल्याच. म्हणाल्या, अगं, तेल परत यायला नको का? याला इथे हुइ-यौ म्हणतात, शब्दशः ‘तेल परतणं’. पारीत साखरेचा पाक, शेंगदाण्याचं तेल आणि थोडं क्षाराचं पाणी असतं. भाजल्यावर ती कोरडी पडते. मग दोन-तीन दिवसांत सारणातलं तेल आणि ओल बाहेर येते, आणि पारी मऊ, तुकतुकीत होते. म्हणजे आयी शिळा माल खपवत नव्हत्या. मुरलेला देत होत्या.

डबा झाकून ठेवला आणि ६ तारखेच्या रात्री उघडला. तोच केक आहे यावर विश्वास बसेना. वरची नक्षी कडकपणा सोडून गुळगुळीत झाली होती, बोट टेकवलं तर ठसा उमटत होता. सुरी दर वेळी पुसून घेत आठ तुकडे केले. कापात फिकट सारणात केशरी बलक, कडेला तेलाची बारीक ओल. बलक रवाळ आणि खारट, सारण गुळचट. एका घासात दोन्ही आले तरच मजा आहे. नुसतं सारण मला जड जातं. सोबत बिनसाखरेचा प्वार चहा (आंबवलेला चिनी चहा) हवाच. आणि एकटीने अख्खा केक संपवायला जाऊ नका. तो वाटून खायचाच पदार्थ आहे, गोल असतो तो घरचे एकत्र जमल्याची खूण म्हणून. आम्ही गच्चीवर पाच जणांत एक पुरवला. बाकी ताटात पपनस, उकडलेली अळकुडी आणि शिंगाडे होते. मालकीणबाईंच्या नातवाने पपनसाची साल डोक्यावर टोपीसारखी घातली होती.

तुलनेसाठी सांगते. ऑफिसने सणाला एका मोठ्या हॉटेलची मूनकेकची कुपनं वाटली होती. कुपनावरचा डबा ‘संपला’ म्हणून अर्धा तास थांबवून दुसराच हातात दिला. खोका ड्रॉवरचा, आत सोनेरी कागद, त्यात इवलेसे आठ केक, कस्टर्डचे, आणि दोन आधीच फुटून वाहिलेले. २०२२ पासून मूनकेकच्या वेष्टनाला तीनच थरांची मर्यादा आहे. खोका नियमात बसत असेलही, पण खायचं काय त्यात? हुशार सहकाऱ्यांनी कुपनं दलालांना कमी भावात विकून टाकली होती. पुढच्या खेपेला मीही तेच करणार.

शाकाहारी मंडळींनी, अंडं चालत असलं तरी, विचारून घ्यावं. या बेकरीत शेंगदाण्याचं तेल वापरतात, पण सगळीकडे तसं नसतं. काही ठिकाणी डुकराची चरबी घालतात. बिनबलकाचा, साधा कमळबियांचाही मिळतो.

बेकरीची खरी तक्रार एकच: फोनवर ऑर्डर घेत नाहीत. साडेचार तारे.

जाता जाता: पाच बियांच्या केकची इंटरनेटवर इथली पोरं यथेच्छ टर उडवतात. मी आयींकडून एक सुटा घेऊन पाहिला. अक्रोड, तीळ, कलिंगडाच्या बिया, दाताखाली कुरकुर, गोडी कमी. मला तर डब्यातल्यांपेक्षा तोच आवडला. यंदा आयींनी बिनमांसाचा दिला, पण कधी कधी त्यात हॅमचे तुकडे असतात, तेव्हा पुढच्या वर्षी पैसे देण्याआधी विचारेन.